कबरस्तान, पंधरापैकी

अंगठा कापला तेव्हा बेरिल क्रिब हॅसलेटची, म्हणजे भाजलेल्या डुकराच्या खिम्याची, लादी कापत होती, पण तिचे डोळे लादीवर नव्हतेच. ते वजनकाट्याला टेकवून ठेवलेल्या गावांच्या यादीवर होते, आणि त्या कागदावर चौथ्या ओळीत टाइपरायटरनं 'स्कॅर्नबी' असं ठसठशीत उमटवलं होतं. इंग्लंडातल्या लिंकनच्या मंडईत मंगळवारी सकाळी साडेदहाला दुसऱ्याचं रक्त बघायला कुणाला सवड नसते, तरी समोरच्या गिऱ्हाईक बाईनं ते बघितलंच. "अगं बेरिल, रक्त!" "असू दे हो," बेरिल म्हणाली, "या लादीत तेवढंच काय ते आजचं आहे." बाई खिदळली, रांगेतला मागचा म्हातारा खिदळला, बेरिलसुद्धा हसली, पण तिचं हसू दातांपर्यंत येऊन तिथंच थांबलं. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, अख्ख्या मंडईत तोंडाळ म्हणून नावाजलेली, कॅथीड्रल बघायला आलेल्या अमेरिकनांना 'हॅसलेट हा आमच्याकडचा पक्षी आहे, दलदलीत सापडतो, फार लाजाळू' असं सांगून दोन दोन पौंड लादी गळ्यात मारणारी. त्या बेरिलनं अंगठा तोंडात घातला आणि तिला एकदम थंडी वाजली. जुलै महिना, वर पत्र्याचं छप्पर, आजूबाजूला उकडलेल्या खेकड्यांचा वास, आणि ती कुडकुडत होती. मग थंडी गेली आणि तिच्या जागी राग आला. तो काही नवा नव्हता. सदतीस वर्षं खुंटीला टांगलेला जुना कोट होता तो, अंगात घातला आणि बरोब्बर बसला. स्कॅर्नबी. बरं झालं. ये आता माझ्या सुरीखाली.

सुरी म्हणजे पेन. जिल्ह्यात दरवर्षी नेटक्या गावांची स्पर्धा असते आणि तिचे परीक्षक गुपचूप फिरतात. कुठल्या दिवशी, कुठल्या गाडीतून, कोण, हे गावाला कळता कामा नये. परीक्षकानं स्वतःच तोंड उघडलं तर ते गाव त्या वर्षापुरतं बाद, आणि परीक्षक कायमचा. इतकी वर्षं हे काम निवृत्त कर्नल आणि शिकारी कुत्री पाळणाऱ्या बायकांकडे होतं. मग वर्तमानपत्रात कुणीतरी खवचट पत्र लिहिलं, की परीक्षकांपैकी एकाचंही आडनाव एका शब्दात मावत नाही. स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेला लाज वाटली आणि एक तरी 'सामान्य व्यक्ती' हवी असं ठरलं. संस्थेच्या सेक्रेटरीणबाई दर शनिवारी बेरिलकडून डुकराचं मांस न्यायच्या. सामान्य व्यक्ती म्हणून त्यांच्या ओळखीची तेवढी एकच होती. बेरिलनं हो म्हटलं ते निव्वळ गंमत म्हणून. दोन उन्हाळे तिनं मजा केली. एका गावाचा एक गुण तिनं तळ्यातल्या बदकानं उर्मट नजरेनं पाहिलं म्हणून कापला होता. कुंपणं दहापैकी, बस थांबा पाच, सूचना फलक पाच, सार्वजनिक संडास दहा, कबरस्तान पंधरा आणि सगळ्यात शेवटी 'एकंदर छाप' दहा. कुणाच्या मनावर कसली छाप, ते छापलेलं नव्हतं.

छाप म्हणे. बेरिलला या जिल्ह्यातल्या नऊ गावांची छाप अंगावर मोजून दाखवता आली असती. बाप, वॉल्टर क्रिब, मेंढ्यांवरचा गडी. गड्याला घर मालकाचं, नोकरी आहे तोवर घर, नोकरी गेली की सहा एप्रिलला बिऱ्हाड गाडीवर. सहा एप्रिलला जिल्ह्यातल्या सगळ्या रस्त्यांवर अशाच गाड्या चालायच्या, वर गाद्या, गाद्यांवर कोंबड्यांचा खुराडा, खुराड्यावर पोरं. समोरून येणाऱ्या गाडीवरची पोरं तुमच्याच रिकाम्या केलेल्या घरात राहायला निघालेली असायची, आणि दोन्ही गाड्यांवरची पोरं एकमेकांना जीभ काढून दाखवायची. एका गावची छाप म्हणजे विहिरीच्या पाण्याची लोखंडी चव. दुसऱ्या गावची छाप म्हणजे आधीच्या बिऱ्हाडानं भिंतीवर पेन्सिलनं आखलेल्या, दुसऱ्यांच्या पोरांच्या उंचीच्या रेघा. बेरिल त्यांतल्या एका रेघेशी, कुणा 'जॉइस, वय ७' हिच्याशी, वर्षभर चुरस करत होती आणि हरली होती. प्रत्येक शाळेत मास्तरीण विचारायची, 'सहा एप्रिलच्या गाडीनं आलीस?' आणि मग शेवटच्या बाकाकडे बोट, कारण पुढच्या एप्रिलला जाणाऱ्या पोरीला पुढचा बाक देऊन काय उपयोग. भूगोलाच्या पुस्तकातलं नाईल नदीचं पान ती तीन गावांत तीनदा शिकली. नाईलच्या पुढे जग होतं की नाही हे तिला लग्नाच्या वयापर्यंत नक्की माहीत नव्हतं. हे सगळं ती मंडईत रंगवून सांगायची, लोक पोट धरून हसायचे. स्कॅर्नबीचं मात्र कधी सांगितलं नाही. स्कॅर्नबीत चार वर्षं काढलेली, सगळ्यात जास्त, आणि तिथून निघताना गाडीवर एक पोर कमी होतं.

घरी गेल्यावर तिनं आईला सांगितलंच नसतं, पण अंगठ्याची पट्टी बघून आईनं विचारलं आणि बेरिलच्या तोंडून निघून गेलं. आई एडा, एक्क्याऐंशी वर्षांची, खिडकीपाशी वाटाणे सोलत बसलेली. हात थांबले नाहीत. "मग मला ने," म्हणाली. "कुठं नेऊ? गुप्त असतं ते." "मी काय बोंबलणार आहे का? जागा बघून ठेवू. तुला एकटीला सापडायची नाही." जागा म्हणजे अर्नीची. बेरिलचा धाकटा भाऊ, तीन वर्षं दहा महिन्यांचा, स्कॅर्नबीच्या कबरस्तानात. गेल्या हिवाळ्यात छातीचं दुखणं होऊन उठल्यापासून आईनं एकच धोशा लावला होता, 'मला अर्नीपाशी ठेव.' बापानं जिवंतपणी कुणाला त्या गावात पाय ठेवू दिला नाही. त्याची राख त्यानंच बजावून ठेवल्याप्रमाणे स्केगनेसच्या समुद्रात सोडली, कारण 'मेल्यावर कुठल्याच मालकाच्या जमिनीत नको.' आईला तसलं काही नव्हतं. आईला फक्त पोरापाशी जायचं होतं. "यूच्या झाडापासून तिसरा उंचवटा," ती म्हणाली. तिनं कधीच चुकून चौथा किंवा दुसरा म्हटलं नाही. बेरिल वाटाण्यांच्या टरफलांकडे बघत राहिली. जागा बघू, आई. आणि मग कागदावर प्रत्येक रकान्यात शून्य घालू. संडासाला शून्य, बदकाला शून्य. आठवडाभर ती मंडईत मनातल्या मनात शून्यं काढत होती, वाटोळी, टपोरी, अंड्यासारखी.

दुसऱ्या परीक्षक मिस वेलबर्न. निवृत्त मुख्याध्यापिका, स्वतःची मॉरिस गाडी, गाडीत वेलदोड्याचा वास आणि मांडीवर घ्यायला घोंगडी. मागच्या सीटवर आईला बघून त्यांनी चष्मा काढून पुसला. "बेरिल, हे नियमात बसत नाही."

"नियमात आई नाहीच लिहिलेली, मिस वेलबर्न. मी तीनदा वाचलाय."

"तिसरी व्यक्ती आणू नये असं लिहिलंय."

"तिसरी व्यक्ती कुठाय? ती नि मी मिळून एकच. तिचा गुडघा, माझं तोंड."

"मी गप्प बसेन हं बाई," आई मागून म्हणाली. "तुम्ही चालवताय फार छान. आमच्या वेळी घोडा होता, तोसुद्धा इतका हळू नव्हता."

मिस वेलबर्न यांनी आरशात बघितलं, ओठ घट्ट मिटले आणि गिअर टाकला. हसू आवरताना त्यांचे कान हलायचे, हे बेरिलला दोन उन्हाळ्यांत कळलं होतं. हॉर्नकॅसलच्या पुढे रस्ता टेकड्यांत शिरला. बाहेर सगळं तेच होतं, बार्लीची शेतं, खडूसारखी पांढरी माती, आणि तरी काहीच तेच नव्हतं, कारण त्या वेळी तिनं हे सगळं गादीवरून, मागे मागे जाताना बघितलं होतं. वाटेत एक गाव लागलं. तिथं ती सहाव्या वर्षी राहिली होती आणि तिला फक्त एक दार आठवत होतं, हिरवं, ज्यातून एक बाई शिळ्या केकचे तुकडे द्यायची आणि द्यायच्या आधी 'प्लीज' म्हणायला लावायची. आता त्या दारावर पितळी घोडा ठोकलेला. "किती गोड घर," मिस वेलबर्न म्हणाल्या. बेरिल खिडकीच्या काचेवर अंगठा दाबत होती, दुखेपर्यंत.

स्कॅर्नबी आलं ते घंटी वाजवून आल्यासारखं आलं. इतकं स्वच्छ होतं की डोळ्यांना टोचत होतं. प्रत्येक खिडकीखाली जिरेनियमची पेटी, तळ्याच्या काठाला चुन्याचे दगड, बस थांब्याच्या बाकाला इतकं ताजं वार्निश की आदल्या दिवशी कुणी बसलं असतं तर तिथंच सापडलं असतं. रस्त्यात माणूस नाही. दोरीवर कपडे नाहीत. जुलैमधल्या उन्हाच्या सोमवारी, म्हणजे धुण्याच्या दिवशी, अख्ख्या गावात एकसुद्धा चड्डी वाळत नाही, म्हणजे कुणीतरी घरोघर जाऊन सांगितलेलं असणार. मिस वेलबर्न बस थांबा तपासायला उतरल्या. बाकाखाली वाकून च्युइंगम शोधायचा त्यांना नाद होता. बेरिल आईला घेऊन चर्चकडे निघाली. वळणावर बापाच्या तेव्हाच्या मालकाचं, बार्कवर्थचं, खालचं कॉटेज लागलं. छपराला नवं गवत, दाराशी गुलाब, फाटकावर 'शेफर्ड्स रेस्ट' अशी कोरीव पाटी. मेंढक्याचा विसावा. बेरिल थांबली. या घरात तिचा बाप विसावलेला तिनं एकदाही बघितला नव्हता. याच दारातून तो सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत डॉक्टर आणायला निघाला. बर्फ कुंपणांच्या वर गेलेलं, तीन आठवडे सूर्य नाही, आणि आत अर्नीच्या घशातून करवतीसारखा आवाज येत होता. बाप चार मैल गेला, डॉक्टरची गाडी पुलापर्यंत आली आणि तिथं रुतली. बाप परत आला तेव्हा करवत थांबलेली. आणि तो नव्हता त्या रात्रीत माळावर बर्फ कोसळून मालकाच्या अकरा मेंढ्या गुदमरून मेल्या, अकराही गाभण. बार्कवर्थ तिसऱ्या दिवशी आला, डोक्यावर टोपी तशीच, बूट न झटकता. बेरिलला त्याचा चेहरा आठवत नाही, जमिनीवर वितळणारं बुटांचं पाणी आठवतं, आणि ते अर्नी ठेवला होता त्या टेबलाच्या पायापर्यंत कसं गेलं ते आठवतं. "सहा एप्रिल," एवढंच तो म्हणाला होता. कबर खणायला माणूस मिळेना, जमीन लोखंड झालेली. मग बापानंच कबरस्तानात कुंपणाच्या काटक्या पेटवल्या, दोन दिवस, जमीन वितळावी म्हणून. बेरिल काटक्या वाहत होती. धूर भिंतीला चिकटत होता, आणि गावातली माणसं पडद्याआडून धूर बघत होती. त्या धुराचा वास तिला अजून येतो, कधीही, कुठेही, कालवण लागलं तरी येतो. वर रचलेला उंचवटा मातीचा नव्हताच, काळ्या ढेकळांचा होता, इतक्या कडक ढेकळांचा, की आईनं त्यांत फुलांऐवजी जॅमची बरणी उभी करायचा प्रयत्न केला आणि बरणी तडकली.

"चल ना," आई म्हणाली. "पाय दुखतात उभं राहून."

कबरस्तानाचं फाटक तेल घातलेलं, आवाजसुद्धा झाला नाही. आणि आत काहीच नव्हतं. बेरिलला आधी वाटलं, चुकीच्या दारानं आलो. आत एक लॉन होतं. हिरवंगार, सपाट, पट्ट्यापट्ट्यांनी कापलेलं, एक पट्टा उजळ, एक गडद, थेट भिंतीपर्यंत. यूचं झाड मधोमध, खालून गोल छाटलेलं. जे थोडे कोरीव दगड होते ते सगळे उपटून भिंतीला ओळीनं टेकवलेले, मास्तरणीनं शिक्षा म्हणून उभ्या केलेल्या पोरांसारखे. उंचवटा एक नाही. डोळ्यांनी चाचपडली, एक नाही. आई काठी टेकत लॉनवर गेली, यूपाशी उभी राहिली, इकडे वळली, तिकडे वळली. तोंडातल्या तोंडात मोजत होती. पण मोजायचं काय? तिसरा, पण तिसरा कशातला?

आणि मग आई म्हणाली, "काय सुंदर ठेवलंय गं!"

बेरिलला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"बघ तरी. मोठ्या हवेलीच्या मागे असायचं ना तसलं. तुझ्या बापाला त्यावरून चालायची परवानगी नव्हती. आणि आपला अर्नी बघ, खाली मजेत!" म्हातारी चक्क खूश होती. काठीनं गवत दाबून बघत होती, गालिचा विकत घ्यायला आल्यासारखी. "इथे असेल बघ," म्हणून ती एका ठिकाणी सावकाश खाली बसली, पाय लांब केले आणि पिशवीतून मनुका घातलेला प्लम ब्रेड काढला. बेरिलच्या आठवणीत ती जागा मुळीच तिथे नव्हती. तिच्या आठवणीत अर्नी भिंतीजवळ होता, कारण धूर भिंतीला लागत होता. ती भिंतीशी गेली, काळा डाग दिसतो का बघायला, पण तिथं दगड खेटून उभे. परतून तिनं आईकडे बघितलं. ऐन उन्हात बसलेली, तोंडात ब्रेड, समाधानी. दोन बायकांच्या डोक्यात दोन जागा, आणि खरी कुठली हे सांगणारा एकमेव साक्षीदार म्हणजे वीतभर उंच मातीचा ढिगारा, त्यावर कुणीतरी रोलर फिरवलेला. बेरिलच्या अंगातून राग इतका सरसर वर आला की तिला त्याचा आधारच वाटला. पण या रागात सोबतीला कुणी नव्हतं. निदान आई तरी रडेल, शाप देईल, असं तिला वाटलं होतं.

"अहो! अहो बाई! तिथे नका बसू!"

चर्चचा कारभारी येत होता, मिस्टर टॅस्कर, गळ्यात रेशमी रुमाल, हातात कडा कापायची कात्री. चांगला माणूस होता, हेच वाईट होतं. चेहरा काळजीचा, आवाज मऊ. "माफ करा हं, एरवी काही नाही, पण गवत दबतं. आणि सध्या परीक्षक कधीही येऊ शकतात. गेल्या वर्षी आम्ही दोन गुणांनी हरलो."

"कशाचे दोन?" बेरिलनं विचारलं.

"कुंपण. कबरस्तानाला मात्र पैकीच्या पैकी." तो खुलला. "तुम्ही हे आधी बघायला हवं होतं. नुसते टेंगूळ! मशीनच जायचं नाही, विळ्यानं कापायला लागायचं. सात वर्षांपूर्वी, राणीच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, मी पुढाकार घेतला, सगळं समतल केलं. आता दोघं जण तासाभरात उरकतो."

"त्या टेंगळांखाली माणसं होती."

"अर्थात. आहेतच अजून. आम्ही कुणाला हलवलं नाही," टॅस्कर दुखावल्यासारखा म्हणाला. "ज्यांना दगड होते ते जपून ठेवलेत."

"आणि ज्यांना दगड नव्हते?"

"त्यांची नावं नोंदवहीत आहेत."

"जागा?"

टॅस्करनं गळ्यातला रुमाल सारखा केला. कात्रीकडे बघितलं. बहुधा सात वर्षांत हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. खाली बसलेल्या आईनं त्याची सुटका केली. "राहू दे रे बाबा, ही अशीच आहे, बापावर गेलीय. मला एक सांग. माझं पोर आहे इथे, अर्नी क्रिब. मला त्याच्यापाशी यायचंय. आज नाही, घाबरू नकोस. पण फार लांबवर पण नाही. काय करावं लागतं?"

टॅस्कर खरोखर विरघळला. तो तिच्या शेजारी उकिडवा बसला, गुडघे कडकड वाजले. "आजी, तुम्ही कुठल्या?"

"लिंकनला असते लेकीकडे. पण आम्ही इथलेच की. चार वर्षं होतो, खालच्या कॉटेजात."

"हो, पण सध्या गावात राहणाऱ्यांनाच इथे जागा मिळते. नियम आहे. माझ्या हातात असतं तर..."

"तुम्ही कधीपासून गावात?" बेरिल म्हणाली.

"मी? नऊ वर्षं होतील. लेस्टरला बँकेत होतो."

"म्हणजे तुम्हाला मिळणार."

"म्हणजे... हो. मी इथला रहिवासी आहे."

नाईलचं पान, शेवटचा बाक, सहा एप्रिलच्या गाडीनं आलीस? बेरिलच्या कानात सगळी नऊ गावं एकदम बोलायला लागली. ज्यांनी हाकलून दिलं, त्यांच्या जागी येऊन बसलेले आता विचारतात, तुम्ही राहत का नाही. तिला ओरडायचं होतं. त्याऐवजी ती मंडईतल्या आवाजात, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तशी म्हणाली, "मिस्टर टॅस्कर, परीक्षक कधीही येतील म्हणालात ना? आलेत."

तिनं पर्समधून पॅड काढलं. वरच्या कागदावर गावाचं नाव होतं आणि खाली रकाने. टॅस्करच्या चेहऱ्यावरचा रंग रुमालापर्यंत खाली गेला. तो उठला. आईकडे बघितलं, ब्रेडच्या चुऱ्याकडे बघितलं, दबलेल्या गवताकडे बघितलं. नियम त्यालाही पाठ होता. परीक्षकानं तोंड उघडलं की गाव बाद. जिरेनियम बाद, वार्निश बाद, दोऱ्यांवरून उतरवलेल्या सगळ्या चड्ड्या बाद. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बेरिलला भयंकर आनंद झाला. तो तिला आवरता आला नाही.

"मी काही ऐकलं नाही," टॅस्कर हळूच म्हणाला.

"मी परत सांगते."

"नको. बाई, ऐका. नियमाला अपवाद असतो. ज्यांचं कुणी इथे आधीपासून आहे त्यांना चर्चची समिती परवानगी देऊ शकते. समितीचा अध्यक्ष मीच आहे. आणि पाद्रीसाहेब माझं ऐकतात." शब्द भराभर येत होते, बँकेत एखाद्याला नाही म्हणता म्हणता हो म्हणावं लागतं तसे. "आजींना अर्नीच्या... म्हणजे या बाजूला. मी लिहून देतो, तुम्ही काही बोललाच नाहीत, आणि गुणांचं तेवढं बघा. फक्त एक. दगड उभा करता येणार नाही. आणि उंचवटा नाही. सपाटच. मशीन जायला पाहिजे."

"उंचवटा पाहिजे," बेरिल म्हणाली.

"बेरिल!" आई खालून ओरडली. बेरिल दहा वर्षांची असताना तिच्यावर ओरडायची तशीच, आणि बेरिलची मान आपोआप खाली गेली. "मला कशाला उंचवटा? मी काय टेकडी आहे? चांगला गालिचा घालून देतायत बिचारे. घ्या लिहून तुम्ही, मिस्टर. ए-डा क्रिब. एकच डी." मग तिनं हात वर केला, उठवायला, आणि तो हात टॅस्करकडे केला, कारण तो जवळ होता. टॅस्करनं कात्री खाली ठेवली आणि तिला दोन्ही हातांनी जपून उभं केलं, तिच्या स्कर्टला चिकटलेलं गवतसुद्धा झटकलं. खिशातल्या, चर्चमध्ये फुलं ठेवायच्या पाळ्यांच्या तक्त्यामागे त्यानं चार ओळी लिहिल्या, सही केली, तारीख घातली. अक्षर सुरेख होतं. आईनं त्याला प्लम ब्रेडचा तुकडा दिला आणि त्यानं तो तिथंच उभ्या उभ्या खाल्ला, लॉनवर चुरा सांडू नये म्हणून खाली तळहात धरून.

फाटकाबाहेर मिस वेलबर्न भिंतीला टेकून उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. "मी बस थांब्यात होते," त्या कुणी विचारायच्या आत म्हणाल्या. "सबंध वेळ. च्युइंगम सापडलं नाही." बेरिलनं त्यांच्याकडे बघितलं. कान हलत नव्हते.

गाडीत आई मागच्या सीटवर तो कागद दोन्ही हातांत धरून बसली होती, डॉक्टरनं दिलेल्या चिठ्ठीसारखा, आणि खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक घराला 'छान ठेवलंय' म्हणत होती. तळं छान, फाटक छान, मेंढक्याचा विसावा फारच छान. बेरिलनं पॅड मांडीवर घेतलं. कुंपणं दहा. बस थांबा पाच. सूचना फलक पाच. संडास तिनं बघितलेच नव्हते, तरी दहा. आठवडाभर जपलेली शून्यं एकेक करून आत गिळायला लागत होती. कबरस्तान, पंधरापैकी पंधरा, इथे एकच्या पुढे हात थांबला, पाच लिहिता लिहिता तिला वाटलं आपण रोलरला धक्का देतोय, मागून, बापाच्या काटक्यांवरून, आणि पंधरा लिहून झाले. राहिली एकंदर छाप.

"दहा द्यायला हवेत, नाही का?" मिस वेलबर्न रस्त्याकडे बघत म्हणाल्या.

"द्यायलाच हवेत," बेरिल म्हणाली.

तिनं एक काढला. मग शून्य काढायला घेतलं आणि पेन कागदावर दाबलं, इतकं दाबलं की अंगठ्याची पट्टी ओली झाली, गोल पुरा होईपर्यंत दाबलेलंच ठेवलं. कागद फाटला. फाटलेल्या गोलातून खालचा कोरा कागद दिसत होता, पुढच्या गावासाठी ठेवलेला, ज्यावर अजून नावसुद्धा घातलेलं नव्हतं, आणि त्याच्यावर ते शून्य जसंच्या तसं उमटलं होतं.